ळचा खण

म्हापशात, शुक्रवारच्या बाजारामागे आमचा छापखाना.
मी पुंडलिक च्यारी. खिळे जुळवायचो.
उजवीकडचं डावीकडे, आरशातली भाषा.
लोक वाचतात तसं सरळ वाचायला
मला अजून थोडं जड जातं.

शांबाराव सर्ज्योतिषी दिवसा कचेरीत गावकरीचे हिशेब लिहीत,
संध्याकाळी आमच्या बाकावर बसून राजे मारीत.
दर गुरुवारी एक प्रकरण,
प्रकरणाला तीन रुपये, तेही उशिरा.
बांद्याला राणीचा अंमल, इकडे लिस्बनच्या राजाचा,
आणि मधोमध, शाईच्या दौतीत,
शांबारावांचे कदंब: त्यांची गलबतं, त्यांचे हत्ती,
त्यांच्या फितूर झालेल्या सुना.

‘नौकाधीशा’च्या नवव्या प्रकरणात घोटाळा झाला.
ळ संपले.
मुंबईहून मागवलेला खोका पणजीच्या जकातीत अडकला.
त्या साली सत्तरीत बंड होतं,
आणि शिसं म्हणजे गोळ्या, असं शिपायाचं मत.
मी म्हटलं, साहेब, गोळ्या नव्हेत, ळ आहेत.
त्याने एक उचलून उजेडात धरला,
नाकाशी नेला,
आणि खोका पुन्हा ठोकून बंद केला.

च्याऱ्याचा मुलगा मी. फणसाच्या लाकडाचे दोन कोरले.
आषाढात ते फुगले, ओळीत मावेनात,
कागदावर तळलेल्या पुरीसारखे उमटले.
शांबाराव म्हणाले, राहू दे. मी सांभाळून घेतो.

मग राजाचे डोळे गेले, नेत्र आले.
सकाळ गेली, प्रभात झाली.
केळी तोडून कदली लावल्या,
आंघोळीचं स्नान, धुळीचं रज,
काळजाचं अंतःकरण,
आणि जो काळ लिहायला ते बसले होते
त्याचा समय.

पुण्याच्या एका मासिकाने लिहिलं:
काय ही भारदस्त शैली! तांबड्या मातीत संस्कृतचा डौल!
शांबारावांनी तो अंक मला तीनदा वाचून दाखवला,
चौथ्यांदा स्वतःला, हळू.

दोन वर्षांनी खोका सुटला. कोरे ळ, चाळीस.
पुढच्या सहा कादंबऱ्यांत एकालाही काम मिळालं नाही.
घरी मात्र ते पाटावर बसले की
‘कमळे, बांगड्यांत तिरफळं कमी पडली.’
एका वाक्यात दोन, तेही फुकट.
मी ओसरीवर मुद्रितं घेऊन उभा असायचो.
मोजायचो. सवय.

खणातले ळ मग एकेक करून कमी होऊ लागले.
मी आधी उंदरांवर घेतलं, नंतर शाई लावणाऱ्या पोरावर.
त्या पोराला मी एकदा मारलंही.

शांबाराव गेले त्या दुपारी कमळाबायने
त्यांचं कलमदान माझ्या हातात दिलं. उघडलं तर
झाकणाखाली, कापसात गुंडाळलेले, अकरा.
मी काही बोललो नाही. तिला वाचता येत नव्हतं,
तिला वाटलं दागिन्याचे तुकडे असतील.
चोरी म्हणावी तर विकले नव्हते.
बहुतेक धाक असावा,
एखादा निसटून पानावर जाईल आणि पुण्याला कळेल.

संपादकांनी मजकूर दिला: काळाच्या पडद्याआड.
ते गेल्यावर मी तो सोडवला आणि रात्री दिव्यापाशी जुळवलं:

शांबाराव सर्ज्योतिषी, राहणार तळीजवळ,
काल सकाळी, कोवळ्या उन्हात,
केळीखालच्या फळीवर बसल्या बसल्या डोळे मिटून गेले.
बायकोचं नाव कमळा.

अकरातले आठ लागले.
माझे चार आणे कापले गेले, आणि वर शिव्या.
उरलेले तीन बंडीच्या खिशात आहेत.
कुशीवर वळलो की टोचतात.